हॉस्पिटलची बेड लिफ्ट बसवून घेतली, मालाचा आणि सर्व्हिसचा सविस्तर रिव्ह्यू (परभणी)

आमच्या हॉस्पिटलमधी बेड लिफ्ट बसवून एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा निघालाय, म्हणून आता लिहायला बसले. नवीन असताना सगळंच गुळगुळीत चालतं, खरं काय ते मे महिन्यात आणि ऑगस्टमधी कळतं. आधी निकाल सांगते. मशीन चांगलं, बसवणारी टीम फारच चांगली, ऑफिसचा कारभार ढिला, आणि सर्व्हिस सुरुवातीला अगदीच वाईट होती ती नांदेडचा टेक्निशियन मिळाल्यापासून सुधारली. पाचपैकी चार देते, आणि कापलेला एक पूर्णपणे सर्व्हिसचा आहे.

कंपनीचं नाव टाकत नाही. लिफ्टच्या धंद्यात माल कंपनीचा असतो पण बसवायचं काम बहुतेक वेळा ठेकेदाराच्या टीमकडं असतं, आणि टीम भागाभागाला बदलते. आम्हाला जी पोरं मिळाली ती तुम्हाला मिळतीलच असं नाही, आणि आम्हाला जो त्रास झाला तो तुम्हाला होईलच असंही नाही. त्यामुळं नाव बघून ऑर्डर देण्यापेक्षा काय काय विचारायचं हे माहीत असणं जास्त कामाचं आहे.

थोडं आमच्याबद्दल. वसमत रोडकडं हॉस्पिटल आहे, दादा सर्जन, वहिनी गायनॅक, आणि बाकीचं म्हणजे स्टाफ, बिलं, परवानग्या, बांधकाम हे सगळं मी बघते. तळमजला आणि वर तीन मजले. ओपीडी आणि कॅज्युअल्टी खाली, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि आयसीयू दुसऱ्यावर, वॉर्ड पहिल्या आणि तिसऱ्यावर. इमारत जुनी, रॅम्पला जागा सोडलेली नाही. पेशंट येतात जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेड, पालम, सेलू ह्या भागातून, बरेचसे मोटारसायकलवरून पडलेले, नाहीतर शेतात काम करताना पाय मोडलेले. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला स्ट्रेचरला बांधून जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर न्यायचं म्हणजे दोघं पुढं, दोघं मागं, आणि वळणावर स्ट्रेचर तिरपं झालं की पेशंटचं ओरडणं खाली ओपीडीपर्यंत ऐकू यायचं. सिझर झालेल्या बाईला खुर्चीत बसवून एक मजला उतरवायचो. आमच्या वॉर्डबॉय मामांची कंबर ह्यातच गेली. एवढं सांगायचं कारण म्हणजे हॉस्पिटलची लिफ्ट ही सोयीची वस्तू नाही, ओटीतल्या टेबलासारखं ते एक उपकरण आहे, आणि घेताना तसंच पारखून घ्यायला पाहिजे.

आता साईजचं, आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथंच लोक फसायलेत. आमच्याकडं आलेल्या पहिल्या सेल्सवाल्यानं 13 पॅसेंजरची लिफ्ट सांगितली, म्हणला मॅडम 884 किलो उचलते, तुम्हाला भरपूर झाली. किलो भरपूर आहेत, पण केबिनचा आकार बघा ना. आम्ही आयएस 14665 ह्या भारतीय मानकातले लिफ्टचे आकार धरले, त्यात पॅसेंजर लिफ्टचे आकार वेगळे आणि हॉस्पिटल लिफ्टचे वेगळे दिलेत. 13 पॅसेंजरची केबिन रुंदीला 2000 मिमी असते पण खोलीला फक्त 1100, म्हणजे माणसं शेजारी शेजारी उभी राहायला एकदम बरोबर, पण साडेसहा फुटाचं स्ट्रेचर दारातून आत घेतलं की अर्धं बाहेरच राहणार. हॉस्पिटलची केबिन ह्याच्या उलट, रुंदीला कमी आणि खोलीला 2400, म्हणजे जवळजवळ आठ फूट. त्यातही 15 माणसांची 1020 किलोची, 20 माणसांची 1360 ची आणि 26 माणसांची 1768 ची असे प्रकार आहेत, माणूस सरासरी 68 किलोचा धरून. 15 वाली केबिन 1000 मिमी रुंद आणि दार 800 चं. तिच्यात चाकाचं स्ट्रेचर जातं, पण आयसीयूचा फाउलर कॉट (डोकं-पाय वर करता येणारा पलंग) जात नाही, कारण साईड रेलिंगसकट तो तीन फुटाच्या पुढं जातो. कोटेशनवर मात्र 15 आणि 20 दोन्हीला हॉस्पिटल लिफ्ट एवढंच लिहिलेलं असतं आणि किंमत कमी दिसली की माणूस तिकडं वळतो.

आम्ही काय केलं, तळमजल्याच्या फरशीवर खडूनं केबिनची चौकट काढली, आधी 15 ची आणि मग 20 ची, दाराची जागा पण खुणा करून दाखवली, आणि वरून एक कॉट सुटा करून खाली आणून तिथं ढकलून बघितला. कॉटवर सलाईन स्टँड, पायाकडं ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, डोक्याकडं अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) धरून सिस्टर, बाजूला मॉनिटर घेतलेला वॉर्डबॉय, म्हणजे सिरियस पेशंट खरंच जसा हलतो तसं. 15 च्या चौकटीत कॉट दारावरच अडकला. 20 च्या चौकटीत, म्हणजे 1300 बाय 2400 आणि दार 1200, कॉट बसला आणि सिस्टरला डोक्याकडं उभं राहून दोन्ही हातानं बॅग दाबता आली. तिथंच ठरलं. सेल्सवाल्याच्या कॅटलॉगपेक्षा ह्या खडूच्या रेघांनी आम्हाला जास्त सांगितलं. कोणीही हॉस्पिटलवाला असेल त्यानं हे नक्की करावं, खर्च काहीच नाही.

दार साईडला सरकणारं टेलिस्कोपिक घेतलं. मधून उघडणारं दार दिसायला भारी, पण त्याला दोन्ही बाजूला पल्ले मावायला शाफ्ट (लिफ्ट ज्यातून वरखाली होते ती उभी जागा) जास्त रुंद लागतो आणि आपल्या जुन्या इमारतीत तेवढी जागा कुठली आलीय. जाळीचा हातानं ओढायचा दरवाजा स्वस्त पडतो आणि अजून बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण दोन्ही हात कॉटला असताना जाळी कोण ओढणार, आणि लहान लेकराचा हात त्यात जायची भीती कायमची. दारावर इन्फ्रारेड सेन्सरचा पूर्ण उंचीचा पडदा घ्या, एकाच उंचीवर एक-दोन किरणं टाकणारे स्वस्तातले सेन्सर घेऊ नका, कॉटच्या खालची मोकळी जागा त्या सेन्सरला दार रिकामं वाटायला लावते आणि पल्ला येऊन पायाला लागतो.

फिनिशिंगच्या बाबतीत सेल्सवाले सोनेरी पत्रा, डिझाईनचं छत असलं फार दाखवतात. आम्ही साधं 304 स्टेनलेस स्टील हेअरलाईन घेतलं, फिनाईलनं रोज पुसलं तरी काही होत नाही, आणि तिन्ही भिंतींना कॉटच्या उंचीला बंपर पट्ट्या. त्या पट्ट्यांवर आता इतके घाव पडलेत की त्या नसत्या तर पत्र्याची चाळण झाली असती. आरसा मागच्या भिंतीला घेतला, व्हीलचेअरवाल्याला उलटं बाहेर निघताना मागचं दिसतं. आणि एक गोष्ट वहिनीनं सुचवली ती मला फार आवडली. ती म्हणली, पेशंट उताणा झोपलेला असतो गं, तो पूर्ण वेळ छताकडंच बघतो, त्याच्या डोळ्यात स्पॉटलाईट मारू नका. म्हणून कडेनं झाकलेला मंद लाईट करून घेतला. त्याचे जास्त पैसे लागले नाहीत, पण आपण सांगितल्याशिवाय कोणी देत नाही.

शाफ्ट इमारतीच्या आत बसत नव्हता, त्यामुळं बाजूच्या मोकळ्या जागेत बाहेरून लोखंडी स्ट्रक्चर उभं केलं आणि प्रत्येक मजल्यावर भिंत फोडून दार काढलं. ह्याला महापालिकेची परवानगी लागते, साईड मार्जिन (इमारतीच्या बाजूला सोडायची मोकळी जागा) आणि फायरच्या गाडीचा रस्ता अडत नाही ना हे बघतात, आणि ती परवानगी लिफ्टची कंपनी आणून देत नाही, ते आपलं आपल्याला करावं लागतं. लिफ्टचं स्वतःचं वेगळं आहे. महाराष्ट्रात 2017 चा लिफ्ट, एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकचा कायदा आहे, त्याप्रमाणं बसवण्याआधी परवानगी आणि बसवल्यावर तपासणी होऊन लायसन्स, हे सरकारच्या विद्युत निरीक्षक खात्याकडून. कागद कंपनीनं केले, पण फाईल कुठं अडकलीय हे त्यांच्या ऑफिसमधी कोणालाच सांगता येत नव्हतं, आज देतो उद्या देतो चालू होतं, शेवटी मीच पाठपुरावा करून लायसन्स काढून घेतलं. लायसन्स हातात येईपर्यंत एकही पेशंट चढवायचा नाही हे दादानं पहिल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं आणि ते आम्ही पाळलं, नातेवाईकांनी कितीही गळ घातली तरी.

खालच्या खड्ड्याबद्दल मराठवाड्यातल्या लोकांनी विशेष वाचा. लिफ्टचा पिट दीड मीटरच्या आसपास खोल असतो आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळं साध्या वीटकामाचा खड्डा टिकत नाही, आरसीसीची पेटीच पाहिजे आणि वॉटरप्रूफिंग बाहेरच्या अंगानं पाहिजे. आमच्याकडं पेटी आरसीसीचीच होती, तरी जुन्या पायाच्या आणि नव्या पेटीच्या सांध्यातून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी झिरपलं. पिटमधी बफर (केबिन फार खाली आली तर झेलणारा) असतो, गव्हर्नरच्या, म्हणजे वेग मर्यादेबाहेर गेला की केबिन अडवायला लावणाऱ्या यंत्राच्या, दोराची ताणाची पुली असते, स्विच असतात, हे सगळं पाण्यात. लिफ्टवाले म्हणायलेत सिव्हिल तुमचं, सिव्हिलवाला म्हणायलाय ड्रॉइंग त्यांचं. चार दिवस हेच चाललं आणि लिफ्ट बंद. शेवटी दादानं दोघांना एकाच वेळी समोर बसवलं, मग केमिकलनं सांधा भरला, कोपऱ्यात छोटा सम्प (पाणी जमायचा खड्डा) काढला आणि त्यात आपोआप चालू होणारा पंप टाकला. त्यानंतरच्या पावसात कोरडं राहिलं. तुम्ही करार करतानाच लिहून घ्या की पिटात पाणी आलं तर जबाबदारी कोणाची, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

आता चांगलं सांगते, कारण ते मनापासून सांगायचंय. माल उशिरा आला, दिवाळीच्या आधीचा वायदा होता आणि ट्रक संक्रांतीच्या तोंडावर लागला, दाराचा एक पल्ला ओरखडलेला निघाला (तो नंतर बदलून दिला). पण जी टीम आली ती बघून सगळा राग गेला. मुख्य मिस्त्री सोलापूरकडचे, पन्नाशीतले, बोलायला कमी, आणि हाताखाली दोन पोरं. ओळंब्यासाठी त्यांनी शाफ्टच्या माथ्यावरून पियानो वायर सोडल्या, खाली जड वजनं बांधली आणि ती वजनं ऑइलच्या बादल्यांमधी बुडवून ठेवली, म्हणजे हेलकावा लवकर थांबतो. आमचा शाफ्ट बाहेर, तेव्हा पत्रे लागलेले नव्हते, दुपारचा वारा चालू होता. मी म्हणलं मिस्त्री, घ्या ना माप, उशीर व्हायलाय. ते म्हणले, "ताई, वाऱ्यात घेतलेलं माप वाऱ्याचंच असतंय, उद्या पहाटं घेतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत येऊन बॅटरीच्या उजेडात माप घेऊन ठेवलं. पुढं रेलचे, म्हणजे केबिन ज्यांच्या आधारानं सरकते त्या लोखंडी पट्ट्यांचे, तुकडे जोडताना प्रत्येक जॉइंटवरून हाताचा अंगठा फिरवायचे, जरा जरी कड लागली की कानस घेऊन घासायचे, परत अंगठा. ह्यात एवढा वेळ का घालवता विचारलं तर म्हणले, उभा माणूस जॉइंट विसरतो पण झोपलेल्या पेशंटच्या पाठीला प्रत्येक जॉइंट कळतो. तेवढं ऐकल्यावर मी त्यांना परत कधी उशीर होतोय म्हणलं नाही. कॉफी-बिस्किटं नाही, आपला चहा आणि घरची भाकरी एवढ्यावर ती माणसं राबली.

चालू हॉस्पिटलमधी काम करायचं तर दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. ड्रिलिंग ओटीची लिस्ट संपल्यावरच, आणि धूळ येते त्या मजल्यावर जाड प्लास्टिकचा पडदा लावून मगच भिंत फोडायची. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. आमची ऑक्सिजनची पाईपलाईन त्याच बाजूच्या भिंतीनं जाते, तिथं ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको, 2021 मधी आपल्या राज्यात भंडारा आणि नगरला आगीत काय झालं ते सगळ्यांना आठवतं. आम्ही त्या भागातली लाईन बंद करून पेशंट सिलिंडरवर घेतले, मगच वेल्डिंग, आणि पूर्ण वेळ एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा. मिस्त्रींनी हे स्वतःहून मागितलं, आम्ही सांगायच्या आधी. आणि आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, जिनाच वापरायचा, हे प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावलंय.

टेस्टिंग बघायला मी, दादा आणि निम्मा स्टाफ हजर. केबिनची क्षमता 1360 किलो, ब्रेकनं सव्वापट भार धरायला पाहिजे म्हणजे 1700 किलो, तर त्यासाठी सिमेंटच्या 34 गोण्या आत रचल्या, एक गोणी 50 किलोची. केबिन खाली येताना मधीच मोटरचा करंट तोडला, ब्रेक लागला आणि केबिन जागच्या जागी थांबली. मग गव्हर्नर हातानं ट्रिप करून दाखवला. पेशंटचे नातेवाईक मला सारखे विचारतात, ताई दोर तुटला तर काय. तर एक तर दोर एकच नसतो, चार-पाच असतात आणि प्रत्येक दोर गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचा असतो. आणि समजा वेग मर्यादेच्या वर गेलाच तर गव्हर्नर आपला दोर आवळतो, त्यानं केबिनच्या खालचे जबडे रेलला घट्ट पकडतात, त्याला वीज लागत नाही. पडणारी केबिन रेलला पकडून थांबवायची ही गोष्ट एलिशा ओटिस नावाच्या माणसानं 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उभं राहून वरचा दोर कापायला लावून दाखवली होती, तेव्हापासून लोक लिफ्टमधी बसायला लागले. मिस्त्रींनी ते जबडे सोडवल्यावर रेलवरचा दाताचा ओरखडा मला बोटानं दाखवला आणि तो पण कानसीनं साफ करून ठेवला.

लेव्हलिंग म्हणजे मजल्याची फरशी आणि केबिनची फरशी एका पातळीत येणं, ह्यावर कोटेशनमधी कोणी बोलत नाही पण हॉस्पिटलला सगळ्यात जास्त हेच लागतं. कॉटची चाकं छोटी असतात, अर्ध्या इंचाची पायरी राहिली की पुढचं चाक अडतं, मागून ढकलणारा जोर लावतो आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला जो धक्का बसतो तो टाक्यांवर बसतो. आमच्या लिफ्टला व्हीव्हीव्हीएफ ड्राईव्ह (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र) आणि गिअरलेस मोटर आहे, थांबते ती अगदी अलगद, आणि जड कॉट आत गेल्यावर दोर ताणून केबिन जरा खाली दबते तर ती स्वतःच परत वर येऊन पातळीत थांबते. हे री-लेव्हलिंग मागून घ्यावं लागतं, विसरू नका. स्पीड कमी आहे, सेकंदाला अर्धा मीटर, काही नातेवाईक कुरकुर करतात, पण तीन मजल्यांना तेवढी पुरते.

लाईटचं आपल्याकडं काय सांगायचं. एआरडी म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं यंत्र, ते आमच्याकडं उत्तम चालतं. पण लक्षात घ्या, ते फक्त सोडवतं, लिफ्ट चालवत नाही. ओटीला निघालेला पेशंट पहिल्या मजल्यावर उतरून उभा राहिला तर उपयोग काय, म्हणून जनरेटरवर लिफ्ट घेतलीच पाहिजे आणि चेंजओव्हर (लाईटवरून जनरेटरवर जाणं) आपोआप होणारा पाहिजे. जनरेटर घेताना लिफ्टचा लोड धरून घ्या. उन्हाळ्यात एक प्रॉब्लेम आला, मे महिन्यात 43-44 च्या दिवसात दुपारी ड्राईव्ह गरम होऊन ट्रिप व्हायला लागला, कारण मशीन रूम गच्चीवर, वर पत्रा. आम्ही पत्र्याखाली थर्मोकोलची सिलिंग, दोन एक्झॉस्ट फॅन आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या केल्या, त्यानंतर ट्रिप झाला नाही. कंपनीच्या माणसाला परभणीचा उन्हाळा माहीत असायला पाहिजे होता, त्यांनी ड्रॉइंगमधीच हे द्यायला हवं होतं, हे मी त्यांना मेल करून कळवलंय.

भूकंपाचं पण विचारा. 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी आपल्या भागातल्या कोणाला सांगायची गरज नाही, आणि 2024 मधी मार्चमधी आणि परत जुलैमधी हिंगोलीकडं 4.5 चे धक्के बसले ते इथं परभणीत पण जाणवले. लिफ्टमधी सगळ्यात जड वस्तू काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारं वजन) असते, रिकाम्या केबिनपेक्षा पण जड, आणि हलल्यावर तीच रेलमधून निसटायची भीती जास्त. आमच्या बाहेरच्या स्ट्रक्चरला म्हणून रेल धरून ठेवणारे ब्रॅकेट जवळजवळ घ्यायला लावले. हॉस्पिटलमधी नियम केलाय की धक्का जाणवला तर लिफ्ट बंद, टेक्निशियननं शाफ्ट बघितल्याशिवाय चालू नाही.

आता ज्याचा एक मार्क कापलाय ते. बसवून टीम गेली आणि पहिल्या दोन-तीन महिन्यात दाराच्या सेन्सरनं त्रास द्यायला सुरुवात केली, दार बंद होता होता परत उघडायचं. टोल फ्री नंबरवर फोन केला की कंप्लेंट नंबर यायचा, माणूस यायचा नाही. जवळचा टेक्निशियन संभाजीनगरला, त्याच्याकडं अख्खा मराठवाडा, तो देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी उतरायचा, दोन तास काम करून पुढच्या गावाला. एकदा ऐन सिझरच्या वेळी लिफ्ट अडली आणि पेशंटला परत जिन्यानं न्यायची वेळ आली, तेव्हा वहिनीचा चेहरा मी बघितलाय. एवढे पैसे घालून परत चार माणसं आणि तिरपं स्ट्रेचर. त्या दिवशी मी कंपनीच्या वरच्या साहेबांना फोन लावला आणि स्पष्ट सांगितलं, साहेब, हे हॉस्पिटल आहे, अपार्टमेंट नाही, इथं उद्या येतो चालत नाही. मग त्यांनी नांदेडला माणूस नेमला. तो पोरगा गुणी आहे, फोन उचलतो, तास-दीड तासात पोचतो, आणि आमच्या दोन वॉर्डबॉयना हातानं ब्रेक सोडून केबिन पातळीत कशी आणायची, वरच्या चावीनं दार कसं उघडायचं हे नीट शिकवून गेला. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी विचारा, तुमचा टेक्निशियन राहतो कुठं, त्याच्याकडं किती लिफ्ट आहेत, आणि सेन्सर, डोअर ड्राईव्ह, बॅटरी असले पार्ट त्याच्याकडं ठेवलेले असतात का पुण्याहून येतात.

पैशाचं म्हणाल तर लिफ्ट, लोखंडी स्ट्रक्चर आणि सिव्हिल मिळून वीस लाखांच्या पुढं गेलं. लिफ्टवर जीएसटी 18 टक्के, आणि हॉस्पिटलच्या सेवेवर बहुतेक जीएसटी नसल्यामुळं हा भरलेला कर आपल्याला वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरून चाला.

वापराचे नियम आम्ही कडक ठेवलेत. दिवसा लिफ्टवर एक मावशी कायम बसते, कॉट आला की नातेवाईकांना बाहेर काढायचा अधिकार तिला दिलाय आणि तिच्या बोलण्याला दादाचं पाठबळ आहे. बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या-लाल पिशव्या ठरलेल्या वेळेलाच, झाकणाच्या ट्रॉलीत, आणि नंतर लगेच केबिन पुसून. डबे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मात्र कॉट नसेल तर खुशाल बसवते मावशी, पालमकडची एक आजी पहिल्यांदा लिफ्टमधी बसली तर मावशीचा हात घट्ट धरून होती, आणि उतरल्यावर म्हणली, बाई, लेकाला पण ह्यातूनच आणलं का, मग बरं झालं.

एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आम्ही कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलीय. त्यात दोर, एआरडीची बॅटरी आणि ड्राईव्ह येतात का हे वाचूनच सही केली, कारण साध्या एएमसीत फक्त ऑइल-ग्रीस आणि बघून जाणं एवढंच येतं. रिन्यूवल मार्चमधी आहे. नांदेडचा टेक्निशियन कायम राहणार असेल आणि बंद पडल्यापासून किती तासात माणूस पोचेल हे करारात लिहून देणार असतील तरच ह्या कंपनीला परत देणार, तसं त्यांना पत्र टाकलंय.